आम्ही, आपण आणि बोर्ग: बडोद्यातल्या एका नाटुकल्याचं प्रकरण

सुरुवातीलाच कबूल करते, हे नाटुकलं पहिल्या खेपेला सपशेल पडलं आणि पडलं ते मुलांमुळे नाही, माझ्या मराठीमुळे. नीट लिहून ठेवतेय कारण पुढच्या गणपतीत परत कुणीतरी परग्रहवासी आणायचे म्हणणार आणि परत तोच घोळ घालणार.

तर प्रकरण असं. आमची सोसायटी दांडिया बाजारच्या मागे, अठ्ठावीस घरं, निम्मी मराठी, बाकी गुजराती, आणि रिफायनरीतल्या नोकरीमुळे इथलेच होऊन गेलेलं एक तेलुगू कुटुंब. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मुलांचा कार्यक्रम असतो, दरवर्षी तेच दोन नाच आणि फॅन्सी ड्रेसमधले सतरा शिवाजी. गेल्या वेळी मुलं अडून बसली की आम्हाला एलियन पाहिजेत. इंजिनिअरिंगला असलेल्या एका दादाने स्क्रिप्ट लिहून आणली, वीस मिनिटांची, अर्धी इंग्रजी अर्धी हिंदी, आणि मी दिवसभर गुजराती-इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं करत असते म्हणून मराठी करायचं काम माझ्या गळ्यात आलं. मावशी तुम्हीच करा, तुमचं तर रोजचंच आहे. रोजचंच आहे खरं, पण रोज मी भाडेकरार आणि वीजबिलाच्या नोटिसा करते, त्यात कुणी कुणाच्या मेंदूत घुसत नाही.

दादाने निवडलेली जमात म्हणजे बोर्ग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत 1989 मध्ये हे पहिल्यांदा आले. अर्धं शरीर, अर्धं यंत्र, नाव 'सायबॉर्ग'वरून, आणि तो शब्द 1960 मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळात माणूस कसा टिकेल याचा विचार करताना काढलेला. बोर्गांमध्ये माणूस असा कुणी नसतो, असतात नुसते ड्रोन, सगळ्यांची डोकी एकमेकांना जोडलेली, एकाला दिसलं की सगळ्यांना दिसलं. जहाज म्हणजे नुसता एक अवाढव्य चौकोनी ठोकळा. ते लढायला येतात असंही नाही, ते तुम्हाला त्यांच्यात ओढायला येतात, तुमचं ज्ञान, तुमचं शरीर, तुमची भाषा सगळं त्यांच्या खात्यात जमा. तुम्ही त्यांना धोकादायक वाटत नसाल तर शेजारून चालत गेलात तरी ढुंकून बघणार नाहीत, मला सगळ्यात भीतीदायक हेच वाटतं बाई. आणि गंमत अशी की मालिकेवाल्यांच्या डोक्यात आधी किड्यांची जमात होती, पण टीव्हीच्या बजेटमध्ये किडे बसेनात म्हणून नळ्या लावलेली माणसं आली. हे ऐकून आमच्या कमिटीला फार बरं वाटलं कारण आमचं बजेट चार हजार होतं आणि नळ्या वॉशिंग मशीनवाल्याकडे फुकट मिळत होत्या.

आता पडलो कसे ते सांगते.

गणपतीच्या आधीच्या रविवारी पार्किंगमध्ये मोठ्यांसमोर एक ट्रायल ठेवली. अकरा मुलं, काळे टीशर्ट, तोंडाला झिंक पावडर, एका डोळ्याला लाल एलइडी, मागे फ्रिजच्या खोक्याचा रुपेरी रंग दिलेला ठोकळा. दिसत होती खरंच भारी. सगळी एका सुरात म्हणाली, "आम्ही बोर्ग आहोत. आम्ही तुम्हाला सामावून घेऊ. विरोध करून उपयोग नाही."

पहिल्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या खुर्चीत होते, शाळेत मराठी शिकवायचे, अजूनही वाढदिवसाच्या केकवरचा ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. ते म्हणाले, "महाराजांची स्वारी आली वाटतं." आणि मागून एक काकू, "घ्या हो घ्या, सामावून घ्या, आमच्याकडे पण एक कोर्स घ्या सुनांसाठी." संपलं. सगळं पार्किंग हसतंय, त्यात सगळ्यात लहान बोर्ग, बालवाडीतला, त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तो भोकाड पसरून आईकडे. दादाचं म्हणणं पडलं की आवाज कमी पडला, इको लावू. कमिटीतल्या एकांचं म्हणणं पडलं की मेकअप अजून भडक करू. मला त्या रात्री झोप लागेना कारण मला कळलं होतं की आवाज आणि मेकअप दोन्ही बरोबर आहेत, वाक्य चुकलंय. तसंही ज्या गावात विश्वामित्रीला पूर आला की रस्त्यावर मगर येते, तिथली माणसं पांढऱ्या पावडरीला थोडीच घाबरणार.

वाक्यात दोन गोष्टी चुकल्या होत्या आणि दोन्ही इंग्रजीतून जशाच्या तशा उचलल्यामुळे.

पहिली म्हणजे ते 'आम्ही'. इंग्रजीत एकटा उभा असलेला प्राणी 'वी' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, एकच तोंड आणि मागे कोट्यवधी. मराठीत एकटा माणूस 'आम्ही' म्हणाला की आपल्या डोळ्यासमोर जिरेटोप येतो. आपण ऐतिहासिक नाटकं बघूनच मोठे झालोय, तिथे राजा कधी 'मी' म्हणतच नाही. आणि हे पडलं बडोदं, सयाजीराव 1875 ते 1939 गादीवर होते, त्यांच्या आठवणी ज्यांच्या घरात आजीकडून नातवाकडे आल्यात अशी माणसं समोर बसलेली, त्यांना 'आम्ही आलो आहोत' ऐकून परग्रह आठवेलच कशाला, राजवाडाच आठवणार. शिवाय आमच्या चाळवजा घरांत 'आम्ही काय बाबा, आम्हाला कोण विचारतं' असं म्हणणाऱ्या बायका घरटी एक आहेत, त्यांचं 'आम्ही' म्हणजे चक्क 'मी', फक्त फुरंगटलेलं. म्हणजे आमचे बोर्ग एक तर महाराज वाटत होते नाहीतर रुसलेली आत्या.

दुसरी म्हणजे 'सामावून घेणे'. मूळ इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ बरोबरच आहे, पण मराठीत सामावून घेणं ही चांगली गोष्ट आहे हो, नवीन सुनेला सामावून घेतात, बदली होऊन आलेल्याला ऑफिसात सामावून घेतात. धमकी कुठाय त्यात.

मग सोमवारी रात्री आमच्या घरी बैठक बसली, सेव-उसळ मागवली, आणि शब्द शोधायला लागलो. आत्मसात करणे, तर ते शाळेत भाषा आणि पोहणं आत्मसात करतात, प्रगतीपुस्तक आठवतं. गिळंकृत करणे, ते भूखंड करतात. कुणीतरी म्हणालं पचवून टाकू, तर आजोबा लगेच पोटावरून हात फिरवत वातापीची गोष्ट सांगायला लागले, अगस्तीने राक्षस पचवला ती, आणि बोर्गच राक्षस व्हायच्या ऐवजी ऋषी व्हायला लागले. विलीन करणे हा शब्द मला मनापासून आवडला होता, थंड, सरकारी, शिक्का मारल्यासारखा. पण बडोद्यात हा शब्द मोकळा नाही. 1 मे 1949 ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आमच्या आजोबांच्या पिढीला 'विलीनीकरण' म्हटलं की तेच एक. आणि दुसरे एक आजोबा देना बँकेतून रिटायर झालेले, ती 1 एप्रिल 2019 ला विजया बँकेबरोबर बँक ऑफ बडोदात गेली, ते म्हणाले, "विलीन म्हटलंत तर लोक विचारतील पासबुक बदलायचं का." गेला तोही शब्द.

शब्द शेवटी मिळाला तो मराठी माणसाकडून नाही मिळाला. समोरच्या गुजराती बेन उसळीची वाटी परत द्यायला आल्या होत्या, दारात उभ्या राहून ऐकत होत्या, म्हणाल्या, यात काय एवढं, म्हणायचं 'पोताना करी लईशुं', झालं. पोताना करी लईशुं, म्हणजे आपलंसं करू. मी म्हटलं थांबा. आपलंसं. हा तर सामावून घेण्यापेक्षाही गोड शब्द झाला, याने कोण घाबरणार, पण नववीतली एक मुलगी होती, पुढे तिच्याबद्दल लिहिणारच आहे, ती नळ्या चिकटवता चिकटवता मान वर न करता, चेहऱ्यावरची माशी न हलवता म्हणाली, "आम्ही तुम्हाला आपलंसं करू." आणि खोलीत खरंच दोन सेकंद कुणी बोललं नाही, उसळीतला चमचा तेवढा वाजला.

तेव्हा कळलं की आम्ही उलटं शोधत होतो. भयंकर शब्द शोधत होतो, आणि पाहिजे होता गोड शब्द ज्यातला मायेचा सूर काढून घेतलाय. बोर्ग दुष्ट नाहीतच मुळी, त्यांना मनापासून वाटतं की ते तुमचं भलं करतायत. आपलंसं करतायत. आणि त्या शब्दाच्या पोटात 'आपण' बसलेला आहे, तो मला त्या रात्री दिसला, आधी नाही.

आता इथे थोडं व्याकरण होणार आहे, कंटाळा येत असेल तर मधमाश्यांपाशी जा, खाली आहेत.

इंग्रजीत 'वी' एकच, हिंदीत 'हम' एकच. मराठीत दोन आहेत. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हणजे तू घरी बस, 'आपण सिनेमाला चाललोय' म्हणजे चप्पल घाल. ऐकणारा आत की बाहेर एवढाच फरक, पण तो फरक आपण दिवसातून शंभरदा करतो आणि आपल्याला पत्ता नसतो. गुजरातीतही तसंच, अमे आणि आपणे, म्हणून तर त्या बेनना एका वाक्यात कळलं. तेलुगू आंटींना विचारलं तर म्हणाल्या आमच्यात पण आहे, मेमु आणि मनम. भाषेचा अभ्यास करणारे म्हणतात की हे वळण आपल्याकडे द्राविडी भाषांच्या शेजारामुळेच आलं असावं. काही का असेना, हे वळण असणाऱ्या तीन भाषा आमच्या एका जिन्यात राहतात आणि आम्ही बोर्ग मात्र इंग्रजीतून आणत होतो.

कारण बघा, या जमातीची सगळी गोष्टच 'बाहेरचा आत येतो' एवढी आहे. 1990 मध्ये मालिकेत त्यांनी जहाजाच्या कॅप्टनलाच, पिकार्डला, उचलून नेलं आणि आपला प्रवक्ता बनवलं, लोक्यूटस असं नाव देऊन, ते लॅटिनमधलं 'बोलणं' या धातूवरून. मग तोच चेहरा पडद्यावरून स्वतःच्याच माणसांना शरण यायला सांगतो, आणि पुढे त्याच्या डोक्यातली सगळी माहिती वापरून बोर्ग वुल्फ 359 या ताऱ्याजवळ 39 जहाजं बुडवतात. बुडवतात म्हणजे उडवतात. तिथे इंग्रजी नटाला चेहरा आणि आवाज यावरच सगळं तोलायला लागतं, शब्द तोच राहतो, 'वी'. आमच्या आठवीतल्या कॅप्टनला अभिनय शून्य येत होता, खरं सांगते, शून्य, पण त्याला मराठी येत होतं. ड्रोन माणसांशी बोलताना कायम 'आम्ही' म्हणणार, आणि कॅप्टन पकडला जाऊन परत आला की पहिल्यांदा 'आपण' म्हणणार. प्रेक्षकांकडे बघून. आम्ही तुम्हाला आपलंसं करू, आणि मग आपण. झालं की आपलंसं.

यात एक लोच्या होता. आपण या शब्दाचे मराठीत इतके धंदे आहेत की विचारू नका. आपण बसा, म्हणजे तुम्ही, मानाने. आपण होऊन, म्हणजे स्वतःहून. आणि पोरांच्या तोंडी 'आपण नाय घाबरत कुणाला' म्हणजे मी, जरा कॉलर वर करून. कॅप्टन रिहर्सलमध्ये 'आपण' म्हणाला की बाकीची पोरं शिट्ट्या मारायची कारण त्यांना तो टपोरी वाटायचा. दादा म्हणाला सोडा मावशी, हे नाही जमणार. मी दोन दिवस चिडचिड केली आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना सुचलं की हा तर फायदा आहे. पहिल्या सीनमध्ये त्याला टपोरीच करू. एंट्रीलाच वाक्य देऊ, हात कमरेवर, "आपण नाय घाबरत कुणाला!" लोक हसू देत, शिट्ट्या मारू देत. आणि बोर्ग झाल्यावर तेच वाक्य, हात खाली, सपाट, शाळेच्या मराठीत, "आपण घाबरत नाही कुणाला." शब्द तेच, पण आता त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे ते ज्याचं त्याने बघावं.

मुलगी राहिली. नववीतली.

मालिकेत 1992 मध्ये एक भाग आला होता, त्यात एक जखमी बोर्ग पोरगा जहाजावर आणतात, त्याला नाव नसतं, आकडा असतो, पाचांपैकी तिसरा. त्याच्यात एक घातकी कोडं घालून परत पाठवायचं आणि सगळ्या जमातीची डोकी त्या कोड्याने बंद पाडायची असा प्लॅन असतो. पण एक इंजिनिअर त्याला ह्यू असं नाव देतो, तो आधी "आम्ही ह्यू" म्हणतो, आणि शेवटी कॅप्टन त्याची परीक्षा घ्यायला मुद्दाम बोर्गचा आव आणून हुकूम सोडतो तेव्हा तो पहिल्यांदा 'मी' म्हणतो, मी मदत करणार नाही. कोडं घालायचं मग कुणाच्याच जिवावर येतं. दादाला हा सीन पाहिजेच होता, आणि तो रोल या मुलीला दिला कारण तिला ओरडता यायचं नाही.

नावापासूनच अडलं. पाचातला तिसरा म्हणायचं की पाचातली तिसरी? इंग्रजी आकड्याला लिंग नसतं, आपल्या तिसऱ्याला असतं. आम्ही नपुंसकलिंग घेतलं, 'पाचातलं तिसरं'. आजोबांनी ऐकल्याबरोबर टाकलंच, "पाचामुखी परमेश्वर, त्यातलं हे तिसरं मुख होय." पण नपुंसकलिंगाचं एक आहे, यंत्र वाटावं म्हणून घेतलं आणि ते वाटलं लेकरू. ते आलं, ते बसलं, ते काही खात नाही, असं सगळे रिहर्सलमध्ये बोलायला लागले आणि बिल्डिंगमधल्या आज्यांना त्या बोर्गची दया यायला लागली, एकीने खरंच लाडू आणून दिला. आम्ही हे ठरवून केलेलं नव्हतं, पण ठेवलं.

मग तिने विचारलं, "मावशी, मी 'मी आलो' म्हणू की 'मी आले' म्हणू?"

हा प्रश्न मला कुणी आयुष्यात विचारला नव्हता. 'आम्ही आलो' यात बाई-पुरुष काही कळत नाही, बायकाही आलो, पुरुषही आलो. म्हणजे ड्रोन जोवर आम्ही म्हणतोय तोवर तो सुटलेला आहे, आणि ज्या क्षणी तो सुटा होऊन 'मी' म्हणणार त्याच क्षणी मराठी त्याची कॉलर धरून विचारणार, बोल, मुलगा की मुलगी. उर्सुला ले ग्विन यांनी 1969 च्या त्यांच्या एका कादंबरीत कायमचं असं लिंगच नसलेली माणसं रंगवली आणि त्यांना सगळीकडे इंग्रजी 'ही' म्हणजे 'तो' वापरलं, त्याची रुखरुख त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. त्यांना निदान सर्वनामापुरतंच भांडायचं होतं, आम्हाला तर क्रियापदाशीच.

पण भाषेत चोरवाटा असतात आणि भाषांतरवाल्यांना त्या माहीत असतात. 'मी पाहिलं' यात लिंग नाही, कारण क्रियापद पाहिलेल्या गोष्टीमागे जातं. 'मला कळलं', 'मला भूक लागली', नाही. 'मी येईन', 'मी येणार नाही', नाही. मी तिचे सगळे डायलॉग असे गाळून घेतले, तांदूळ निवडतात तसे, एकही आलो-आले राहू दिलं नाही. हुकूम नाकारायचं वाक्य 'मी येणार नाही', हे तर आयतंच बसलं. शेवटचं वाक्य होतं 'मी दमलो', ते केलं 'मला दमायला झालंय'. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं त्या रात्री, नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला, बरं.

आता मधमाश्या. आमच्या पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला आग्यामोहोळ आहे, वॉचमन तिथे कुणाला फटाके काय मोबाइलची रिंग पण वाजवू देत नाही. हालचाल कशी करायची यावर दादाचं म्हणणं होतं रोबोटसारखी, खट खट, आणि ती अकरा पोरं करायला लागली की लग्नाच्या वरातीसारखं दिसायचं. एका दुपारी मोहोळाजवळ एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती आणि ते सगळं मोहोळ एकदम लहरलं, म्हणजे माश्या जागच्या हलल्या नाहीत पण पोटाचा भाग वर उचलत उचलत एक लाट इकडून तिकडे गेली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर, आणि परत, आणि परत. या माश्या अशाच गांधीलमाशीला बिचकवतात. कुणी हुकूम देत नाही, शेजारणीने उचललं की आपण उचलायचं. मी पोरांना खाली उभं करून ते दाखवलं. पहिले दोन दिवस ती एक-दोन-तीन मोजायची आणि लाट यायच्या ऐवजी रेल्वेचे डबे यायचे. मग सांगितलं की मोजायचं नाही, फक्त शेजारच्याचं कोपर बघायचं, ते हललं की आपला खांदा. जमलं. अकरा खांदे, एक लाट, तोंडं स्थिर. मला स्वतःला ते बघताना कसंतरी झालं.

इथे एक भांडण मिटवायला पण माश्या कामी आल्या. कमिटीतल्या एका ताईंना त्यांच्या मुलीला बोर्गची राणी करायचं होतं, मुकुटासकट. राणी आहे खरी, 1996 च्या सिनेमात आणली त्यांनी, पण माझ्या मते तिथेच ही जमात अर्धी मेली, कारण ज्याचं डोकं उडवता येतं त्याची भीती संपते. खऱ्या मोहोळात राणी राज्य करतच नाही, ती अंडी घालते. पाळीव मधमाश्यांना नवीन जागा शोधायची असली तर शोध्या माश्या परत येऊन नाचून दिशा सांगतात आणि त्यातून ठरतं, ती नाचाची भाषा उलगडली म्हणून कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल मिळालं. हे सगळं मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे राणीला काही कामच नाही? मी म्हटलं अंडी घालायचं आहे. मुलगी ड्रोन झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस. मंडपाला ताडपत्री होती पण ठोकळा उभा केला होता कडेला, फ्रिजचं खोकं ते, तास-दीड तासात एक बाजू लापशीसारखी बसली, रुपेरी रंगाचे ओघळ. दोन एलइडी बंद. स्पीकर खरखरत होता म्हणून दादाने इको काढूनच टाकला, त्याबद्दल मी वरुणराजाची आभारी आहे. कॅप्टनची एंट्री झाली, "आपण नाय घाबरत कुणाला!", शिट्ट्या पडल्या, बालवाडीतला बोर्ग पण हसला आणि आईकडे बघून हात हलवायला लागला, त्याला काही आपलंसं करता आलेलं नव्हतं. मग बोर्ग आले. लाट आली. पावसाचा ताडपत्रीवरचा आवाज आणि अकरा खांदे. "आम्ही तुम्हाला आपलंसं करू." एकही काकू हसली नाही.

कॅप्टन ठोकळ्याच्या बसलेल्या बाजूने बाहेर आला, डोळ्याला लाल दिवा, पुढे येऊन थांबला, आणि अभिनय येत नसल्यामुळे अगदी सपाट, फळ्यावरचं वाचल्यासारखं म्हणाला, "आपण घाबरत नाही कुणाला." बोट दाखवलं नाही, काही नाही, नुसतं बघत राहिला. पहिल्या रांगेतली एक आजी हळूच शेजारणीला म्हणाली, "आपण म्हणजे कोण गं?"

मला विचाराल तर नाटुकलं तिथेच झालं. पुढचं जे आहे ते माझ्या हातात नव्हतं.

शेवटच्या सीनमध्ये पाचातलं तिसरं एकटं उभं, हुकूम झाला, ती म्हणाली, "मी येणार नाही." बरोबर. मग तिचं शेवटचं वाक्य. मी विंगेत म्हणजे स्कूटरच्या आडोशाला उभी, ओठ हलवतेय, मला दमायला झालंय, मला दमायला झालंय. आणि ती म्हणाली, "मी दमलं."

दमलं. दमलो नाही, दमले नाही. कोकणीत मुलीसाठी नपुंसकलिंग चालतं हे मला माहीत आहे, पण तिचं घर काही कोकणी नाही आणि आमच्या मराठीत 'मी दमलं' असं कुणी म्हणत नाही, पेपरात लिहिलं तर लाल रेघ. मी बघितलं ते थेट आजोबांकडे. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते, तसेच बसून राहिले. कुणी हसलं नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि आरतीची वेळ झाली म्हणून सगळे उठले.

प्रसादाच्या रांगेत ती त्यांच्यासमोर आली, अर्धी पावडर निघालेली, कानामागे नळी लोंबतेय. त्यांनी विचारलं, "दमलं म्हणालीस का गं तू?"

"हो."

आजोबांनी ताटातला मोदक उचलून तिच्या हातावर ठेवला, मग अजून एक ठेवला, आणि पुढच्याला म्हणाले, "चला, सरका."